नव्वदच्या आत

ओजसच्या मनगटावर त्याच्या बापाची नाडी चालू होती, आणि बाप जाऊन अकरा महिने झाले होते.

त्या काळात याचं कुणाला नवल वाटत नसे. ‘नाडिका’ नावाचं ते घड्याळ नाशकातल्या बड्या घरांतून दिसायला लागून आठ-दहा वर्षं झाली होती. किंमत विचाराल तर गंगापूर रोडला एक बरा फ्लॅट यावा इतकी. वेळ दाखवणं हे त्याचं सगळ्यात किरकोळ काम. ते मालकाच्या नाडीचा ठोका न् ठोका टिपून ठेवायचं आणि मनगटाच्या आतल्या बाजूला इतकं हलकं टिचकवायचं, की दोन दिवसांनी माणसाला त्याचा पत्ताही लागू नये. मालक खूश असत. झोप छान लागते, राग आवरतो, असं जो तो सांगायचा.

तरी जुन्या चावीच्या घड्याळांचे भक्त हार मानत नव्हते. त्यांचं म्हणणं एकच. अरे, तुमचं हे स्मार्ट प्रकरण कितीही महाग घ्या, पाच वर्षांत भंगार. आमचं घड्याळ आम्ही नातवाच्या हातात बांधू. ही तोंडं बंद करायला कंपनीनं ‘वारसा’ काढला. मालक गेला की त्याच्या शेवटच्या वर्षाचा नाडीपाठ, म्हणजे नाडीची साठवलेली संपूर्ण नोंद, वारसाच्या मनगटावर वाजायची. आज जो दिवस, गेल्या वर्षी त्याच दिवशी बापाचं हृदय जसं चाललं तसंच. आणि या नोंदीत जगात कुणालाही ढवळाढवळ करता येणार नाही, अशी हमी. लोकांनी अक्षरशः रांगा लावल्या.

ओजसचे वडील सुमेध भालेकर यांच्याकडे दोन्ही होती, एक चावीचं परदेशी घड्याळ आणि एक नाडिका. गेले बिचारे बावन्नाव्या वर्षी, दुपारच्या झोपेत. पूर्वी तेराव्याला मामानं भाच्याच्या डोक्यावर टोपी घालायची रीत होती. आता त्या जागी वडिलांचं घड्याळ बांधत. तबकात दोन्ही घड्याळं ठेवलेली. हर्षलमामानं चावीचं उचललं. जन्मभर पुरेल, त्यात बिघडण्यासारखं काही नाही, जास्तीत जास्त मागे पडेल, असं तो म्हणाला.

“त्यात सुमेध कुठे आहे?” ओजसच्या आईनं, शर्वरीनं भावाला विचारलं.

चार माणसांत हर्षल काय बोलणार? त्यानं नाडिका बांधली. ओजसनं डोळे मिटले, दुसऱ्या हातानं मनगट धरलं आणि ढसाढसा रडला. शर्वरीला वाटलं, आपण केलं ते योग्यच केलं. हे वाक्य पुढे तिला किती छळणार होतं, तिला काय ठाऊक!

पहिले काही महिने तर घरात सणच होता म्हणा ना. दहा वाजेपर्यंत लोळणारा मुलगा पहाटे पाचला उठून चहा टाकू लागला. बापासारखाच. चिडला की बापासारखाच गप्प बसायचा. शर्वरी भिंतीआडून बघायची आणि पदरानं डोळे पुसायची. मग दिवाळीच्या सुमारास सव्वीस वर्षांचा हा गडी एक जिना चढून धापा टाकू लागला. जेवण झालं की आरामखुर्चीत पडायचा आणि डावा हात छातीवर ठेवायचा. तो हात तिनं ओळखला. सुमेधनी शेवटचे दीड महिने तो तिथेच ठेवला होता, पित्त आहे म्हणत.

डॉ. ऋजुता नेवरेकर यांनी एके काळी नाडिकेवरच काम केलं होतं आणि भांडून कंपनी सोडली होती. कॉलेज रोडला त्यांचं छोटं रुग्णालय होतं. बाई फटकळ, पण समजावून सांगायला बसल्या की शाळेच्या मास्तरणीसारखं सांगायच्या. त्यांनी शर्वरीला विचारलं, लंबकाची दोन घड्याळं एकाच लाकडी फळीवर टांगली तर काय होतं माहीत आहे? शर्वरीला माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, थोड्या वेळानं दोन्ही एकमेकांशी जुळवून चालायला लागतात. फळीतून जाणारा अगदी बारीक हादरा एकाकडून दुसऱ्याला पोचतो आणि दोघं एका तालात बांधली जातात. याला त्या ‘तालानुसरण’ म्हणत. नाडिका टिचकी मारते ती मनगटातल्या मज्जातंतूवर. तिथून मेंदूला, मेंदूतून हृदयाला. जिवंत माणूस आपल्याच तालाशी जुळला तर शांत होतो. पण दुसऱ्याचा ताल असेल तर?

“त्याचं हृदय आजारी नाही, शर्वरीताई. ते आजारी माणसाची नक्कल करतंय.”

“मग काढून टाकते ते घड्याळ.”

“एकदम नाही काढायचं. अकरा महिन्यांत त्याच्या हृदयाची स्वतःहून चालायची सवय मोडली आहे. एकानं असं काढलं होतं. तासाभरात कोसळला.”

उपाय होता. टिचकीचा जोर थोडा थोडा उतरवत न्यायचा. त्याला वीस दिवस लागतात. सुमेध गेले वीस डिसेंबरला; आज तीस नोव्हेंबर. म्हणजे काठावर का होईना, पण जमतंय. नोंद संपायच्या आत, म्हणजे सुमेध यांच्या शेवटच्या दुपारपर्यंत नोंद पोचायच्या आत, ओजस मोकळा होईल. शर्वरीचा जीव थोडा खाली बसला. उतरण सुरू झाली. ओजसला सगळं सांगितलं होतं. तो उलट हसून म्हणाला, बाबांनी मरणसुद्धा वेळेवर मॅनेज केलं असतं.

आठ डिसेंबरला सकाळी पाठकगुरुजींचा फोन आला. उद्याच्या वर्षश्राद्धाची यादी वाचून दाखवत होते. काळे तीळ, दर्भ, सातू... शर्वरी लिहून घेत होती आणि मध्येच तिचा हात थांबला. उद्या? हो, उद्या नऊ तारखेला. श्राद्ध तिथीनं करतात, तारखेनं नाही. मार्गशीर्ष वद्य पंचमी यंदा अकरा दिवस आधी येते. हे तिला महिनाभर पाठ होतं. भटजी ठरवले होते, हर्षलला कळवलं होतं. अहो, पण घड्याळाचा विचार करताना ती तारखेनं करत होती आणि श्राद्धाचा विचार करताना तिथीनं, आणि हे दोन विचार एकमेकांना महिनाभर भेटलेच नव्हते!

सुमेध संकष्टी कधी चुकवत नसत. नाडिका घेतली त्याच दिवशी त्यांनी ती पंचांगावर लावून घेतली होती. घड्याळाला तारीख ठाऊकच नव्हती.

दुपारी डॉक्टरांनी तपासलं आणि डोकंच धरलं. गेल्या वर्षी त्याच दिवशी, हे कंपनीचे शब्द त्यांनी स्वतः कितीदा वापरले होते, पण दिवस म्हणजे कुठला हे विचारायचं त्यांनाही सुचलं नव्हतं. नोंद उद्या दुपारी दोन चाळीसला बिघडणार आणि तीन वाजून पाच मिनिटांनी थांबणार. उतरण अजून निम्मीही झाली नव्हती. घड्याळ ठेवलं तरी धोका, काढलं तरी धोका. आणि नोंदीला हात लावायची सोय नाही, कारण तीच तर मोठी हमी होती. शर्वरीला त्या क्षणी कंपनीतल्या एकेकाच्या कानशिलात द्यावीशी वाटली, आणि पहिली स्वतःच्या.

एक वाट होती. नवरा-बायकोंसाठी नाडिकेत ‘सोबत’ नावाची सोय असे. घरातल्या दोघांची घड्याळं जोडली की एकाचा जिवंत ठोका दुसऱ्याच्या मनगटावर वाजायचा. जिवंत ठोका आला की घड्याळ साठवलेला बाजूला ठेवतं. सुमेधनी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला शर्वरीसाठी तसंच घड्याळ आणलं होतं. तिनं ते कपाटातून बाहेरही काढलं नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, ते उद्या घाला. तुमच्या ठोक्यावर त्याला चालवू. तो तुमचा ताल चटकन धरेल असं मला वाटतं, नऊ महिने त्यानं तोच ऐकलाय. पुरावा नाही, अंदाज आहे.

“मात्र एक अट आहे,” त्या म्हणाल्या. “तुमची नाडी नव्वदच्या आत राहिली पाहिजे. वर गेली की घड्याळ तुम्हाला बेभरवशाचं ठरवतं आणि ती खाली येईपर्यंत पुन्हा साठवलेल्या नोंदीवर जातं.”

“म्हणजे मी घाबरायचं नाही.”

“नाही. औषध देऊनही चालणार नाही, औषधाचा ताल घड्याळ ओळखतं.”

पोटचा मुलगा समोर मरणाच्या दारात, आणि आईनं घाबरायचं नाही! सांगायला काय जातं?

दुसऱ्या दिवशी श्राद्ध हर्षलवर सोपवून दोघं रुग्णालयात आली. ओजस पलंगावर, शर्वरी शेजारी खुर्चीत. समोरच्या पडद्यावर दोन आकडे, वरचा तिचा, खालचा त्याचा. सव्वादोनला घड्याळं जोडली. पंधरा मिनिटांत खालचा आकडा वरच्याच्या मागोमाग चालू लागला. ती एक्याऐंशी, तो एक्याऐंशी. ती त्र्याऐंशी, तो त्र्याऐंशी.

दोन चाळीस झाले. तिनं मनात रामरक्षा सुरू केली, पण ‘रक्षा’ हा शब्दच घात करत होता. पंच्याऐंशी. ती सोडून तिनं श्वास मोजले. श्वास मोजताना त्याचा श्वास ऐकू आला. सत्त्याऐंशी. तिला आठवलं, हा दीड वर्षाचा असताना तापानं फणफणला होता आणि हिनं रात्रभर त्याला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या होत्या. अठ्ठ्याऐंशी. आठवण नको. सुमेधही नकोत. तिनं तबकातली दोन घड्याळं आठवायची नाहीत असं ठरवलं, आणि तीच डोळ्यांसमोर आली.

“आई,” ओजस म्हणाला, “मला भीती वाटतेय गं.”

एकोणनव्वद. मग क्षणभर नव्वद, आणि खालचा आकडा तुटल्यासारखा घसरला. साठ. एकावन्न. ओजसचे ओठ पांढरे पडले. डॉक्टर उठून उभ्या राहिल्या.

तेव्हा शर्वरीनं ते केलं. कसं केलं ते तिला पुढे कधी नीट सांगता आलं नाही. एसटीत समोरच्या बाकावर कुणीतरी बसलेलं असतं, आपण बघतो आणि खिडकीबाहेर पाहू लागतो, तसं तिनं त्याच्याकडे पाहिलं. एक तरुण मुलगा. दाढी वाढलेली. कान जरा मोठे. असेल कुणाचा तरी. त्याला बरं वाटत नाही असं दिसतंय. होतं असं माणसांना. आपल्याला कुठे उतरायचंय? तिनं त्याचा हातही सोडला.

अठ्ठ्याऐंशी. त्र्याऐंशी. शहात्तर.

तो पुन्हा ‘आई’ म्हणाला. तो कुणाला हाक मारतोय याकडे तिनं लक्ष दिलं नाही. बहात्तर. खालचा आकडा अडखळत वर चढला, एकदा चुकला, मग वरच्याला येऊन मिळाला. तीन वाजून पाच मिनिटं झाली. सहा झाली. दहा झाली. नोंद केव्हाच संपली होती. डॉक्टर खुर्चीत बसल्या आणि चष्मा काढून रडल्या. शर्वरी रडली नाही. तिला अजून बहात्तरवर राहायचं होतं.

आता ओजस तिच्या ठोक्यावर चालला होता, आणि जिवंत ताल साठवलेल्यापेक्षा कितीतरी घट्ट धरला जात असल्यानं त्याला तिथून सोडवायला वीस दिवस नव्हे, आठ महिने लागणार होते. डॉक्टरांनी बजावलं, जे केलंत तेच करत राहा. तिनं केलं. त्याचा फोन आला की उचलण्याआधी ती आकडा बघायची. तो समोर जेवायला बसला की ती वाढायची आणि एसटीच्या खिडकीतून बाहेर बघायची. सुरुवातीला फार कष्ट पडले. चैत्रापासून पडेनासे झाले. ओजस एकदा म्हणाला, आई, तू रागावलीस का माझ्यावर? ती म्हणाली, नाही रे, आणि ते खरंच होतं. तिला त्याचा राग येत नव्हता.

श्रावणात दोन्ही घड्याळं उतरली. ओजसचं हृदय ठणठणीत, स्वतःच्या पायावर उभं. डॉक्टरांनी पेढा भरवला. शर्वरीनं विचारलं, आता घाबरायला हरकत नाही ना? डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, पोटभर घाबरा.

त्याच आठवड्यात ओजस संध्याकाळी पाचला येतो म्हणाला होता, तो साडेसातपर्यंत आला नाही. फोन लागेना. शर्वरीनं भाजी चिरली, फोडणीला टाकली, एकटीनं जेवून ताट घासून ठेवलं. आठला तो दारात उभा. शर्ट फाटलेला, कोपराला पट्टी. त्र्यंबक रोडला मोटारसायकल ट्रकखाली जाता जाता राहिली होती, फोनचा चुरा झाला होता. बोलता बोलता त्याला हुंदका आला आणि लहानपणीसारखा तो तिच्या खांद्यावर पडला.

तिनं त्याच्या पाठीवर एक हात ठेवला. दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या पाठीमागे आपल्याच मनगटावर नेऊन मोजायला लागली. बहात्तर. तिनं पुन्हा मोजलं.

हे कळल्यावर तरी तिच्या छातीत धस्स व्हायला हवं होतं. ती तशीच उभी राहून वाट बघत राहिली.

“बैस,” शेवटी ती म्हणाली. “भाजी गरम करते.”