गालिच्यामागचा हात

खोटं वाटेल, तर वाटू दे. हे माझ्या सख्ख्या काकांच्या बाबतीत घडलंय, आणि काका थापा मारणाऱ्यांतले नाहीत.

गेल्या हिवाळ्यातली संध्याकाळ. पुढे काकांचं रफूचं दुकान, मागे त्यांची राहायची खोली. काकू गेल्यापासून दोन्हीकडे ते एकटेच.

त्या दिवशी एका बाईंनी जुना लोकरी गालिचा दुरुस्तीला आणून दिला. डोंगरातल्या आदिवासींनी हातमागावर विणलेला, लाल-काळ्या पट्ट्यांचा. मधोमध मोठं भोक.

काकांनी तो उभ्या चौकटीवर ताणला. हे काम खरं तर दोघांचं. एकाने पुढून सुई घालायची, दुसऱ्याने मागून ओढून परत द्यायची. इतकी वर्षं मागे काकू बसायच्या. आता काका प्रत्येक टाक्याला उठून स्वतःच मागे जायचे. गुडघ्यांची पार वाट लागली होती.

तरी सवयीने तोंडून निघून गेलंच, "ओढ गं."

आणि सुई...

मागून ओढली गेली.

काका धडपडत मागे गेले.

कोणी नव्हतं. रिकामं स्टूल आणि भिंत.

परत पुढे आले, तर सुई पट्ट्यातून बाहेर डोकावत होती...

दुसरा कोणी असता तर दुकान उघडं टाकून पळाला असता. काका खाली बसून ढसाढसा रडले. त्यांना वाटलं, ही आलीय.

मग काय, काकांच्या हाताला आणि तोंडाला खळ नाही. दुखरे गुडघे, मुलीचा न येणारा फोन, भाजीत विसरलेलं मीठ, सगळं सांगून झालं. मागून उत्तर नाही. श्वासही नाही. फक्त लोकर सरकायची...

भोक बुजत आलं तेव्हा त्यांनी मागची बाजू निरखली.

काकूंचा टाका उजवीकडे कलायचा.

हे सगळे डावीकडे कललेले होते.

त्या काकू नव्हत्या.

काका घाबरून चौकटीपासून मागे सरले. पण काम संपलं की गालिचा जाणार, आणि पुन्हा आपण एकटे, हे त्यांना त्याहून नकोसं झालं. त्यांनी कात्री घेतली. झालेल्यातली अर्धी रफू उसवली, आणि झोपायला गेले.

सकाळी उठून बघतात तर...

भोक पूर्ण बुजलेलं होतं.

त्यानंतर कितीदा सुई घातली, कोणी ओढली नाही.

दुपारी बाई आल्या. "आईच्या खोलीत घालणार आहे. दिवसभर एकटीच असते हो बिचारी."

काकांनी गालिचा गुंडाळून दिला.

काकांनी हे सगळं सांगितलं तेव्हा मी चिडलो. "काका, अहो, सांगायला नको होतं का त्यांना?"

"काय सांगणार होतो?" काका म्हणाले. "त्या आजींना सोबत होईल."

हल्ली मी गेलो की ते एकच विचारतात. "त्या बाईंच्या घरी गाडीवरून सोडशील का रे मला? रफू नीट बसलीय का, तेवढं बघून येतो."

मी दर वेळी काहीतरी कारण काढून टाळतोय.