सरकलेला रकाना

"पाच नंबरच्या खाटेवरच्या मास्तरांना मी चार युनिटऐवजी चाळीस युनिट इन्शुलिन दिलं. सोमवारी ते गेले," नर्सबाई म्हणाल्या. "उद्या पोलीस मला नेणार. वहिनी, मी कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसलं तेच दिलं हो!"

गुप्तहेर असल्या तरी त्यांना सगळे वहिनीच म्हणत. बरोबर फिरणारे त्यांचे दीर तशी हाक मारत, तीच रूढ झाली होती.

"नेमकं काय दिसलं?"

"वॉर्डात दोघंच पेशंट. डोसचा रकाना एक ओळ खाली घसरलेला. चार नंबरच्या खाटेसमोर रिकामं, पाच नंबरसमोर चाळीस."

वॉर्डातला संगणक जुनाट होता. औषधांच्या कपाटाचं कुलूप त्याच्यावरच चाले, म्हणून तो कुणी बदलला नव्हता. वहिनींनी त्यावर डोसचं सोमवारचं पान उघडलं. चार नंबरच्या खाटेसमोर चाळीस युनिट, पाच नंबरसमोर चार. सगळं ओळीत.

"संपलं," दीर म्हणाले. "बाई थापा मारतेय."

वहिनींनी रजेचं पान उघडलं, मग जेवणाचं. अक्षरं एकमेकांवर चढलेली, रकाने भलतीकडेच गेलेले.

"ही वाकडी आहेत तर आपल्याला काय त्याचं?" दीर वैतागले.

वॉर्डाच्या डॉक्टरांनी कानावर हात ठेवले. "माझ्या नव्या संगणकावर ते पान सोमवारीही सरळच होतं. अठरा वर्षं नोकरी झालेल्या नर्सला चाळीस खटकू नये?"

ही पानं ज्या वेबसाइटवर होती, ती हॉस्पिटलसाठी बनवणारा वरच्या मजल्यावर बसे. "सोमवारीच नवी साइट सुरू केली. सगळी पानं एकाच साच्यातली. त्यानंतर मी हात लावलेला नाही, आणि पासवर्ड माझ्याशिवाय कुणाकडे नाही. इतका जुना ब्राउझर इथे कुणी वापरतं, हे मला आत्ता तुमच्याकडून कळतंय."

वहिनींनी सगळ्यांना वॉर्डातच बोलावलं.

"एका साच्यातली पानं या संगणकावर वाकडी दिसतात," त्या म्हणाल्या. "मग एकटं डोसचं पान सरळ कसं? जुन्या ब्राउझरसाठी ते कुणीतरी मुद्दाम दुरुस्त केलंय. मास्तर जाण्याआधी केलं असतं, तर सगळीच पानं केली असती. घाईत केलं, म्हणून एकच केलं. पासवर्ड एकाकडेच. दुरुस्तीची तारीख दाखवता, की मी पोलिसांना शोधायला सांगू?"

"मंगळवारी सकाळी," वेबसाइट बनवणारा पुटपुटला. "सुरू करण्याआधी या संगणकावर एकदा बघायला हवं होतं. एक मजला उतरायचा कंटाळा केला. मग भीती वाटली."

"आणि त्या भीतीपायी हिला फासावर चढवणार होतास?" दीर गरजले. डॉक्टरांनी मान खाली घातली.

"बाई, तुम्ही सुटलात," वहिनी म्हणाल्या.

नर्सबाई पाच नंबरच्या रिकाम्या खाटेकडे बघत होत्या.

"डॉक्टर खरं बोलले," त्या म्हणाल्या. "चाळीस मला खटकलं होतं. मास्तरांनीही विचारलं, आज जास्त वाटतंय का? मीच म्हटलं, कॉम्प्युटर चुकत नाही, मास्तर. हात पुढे करा."