मऊ केलेलं वाक्य

"डावा घोटा कधी मुरगळला होता का तुमचा?"

प्रश्न मागून आला. ती फाटकापाशी उभी राहून पाटी वाचत होती. खांद्याला नवी कोरी बॅग आणि पायात नोकरीसाठी म्हणून घेतलेले बूट. वळून पाहिलं तर एक उंच, विस्कटल्या केसांचा तरुण. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातांवर पांढरी पूड... आणि नजर थेट तिच्या पावलांवर.

"येणाऱ्याजाणाऱ्या मुलींचे पाय बघायची सवय दिसते तुम्हाला," ती फणकारली.

"सवय नाही," तो शांतपणे म्हणाला, "नोकरी आहे."

एवढं बोलून तो आत निघूनही गेला. 'कसली नोकरी?' हे विचारायचं राहूनच गेलं, आणि असं तिच्या बाबतीत क्वचितच व्हायचं. घरी तिला सगळे चौकशीबाई म्हणत. लहानपणी 'पण का?' विचारून विचारून तिने आईला भंडावून सोडलं होतं. पदवी हाती पडली आणि तिला नोकरी मिळाली तीही प्रश्न विचारायचीच. सरकारी योजनांच्या कामगिरीचं ऑडिट. दादा म्हणाला होता, "चला, आता घरात जरा शांतता नांदेल."

तिच्या वरिष्ठ, ज्यांना सगळं ऑफिस मोठ्या बाई म्हणे, त्यांनी पहिल्याच दिवशी काम समजावून सांगितलं होतं. "पैसे बरोबर खर्च झाले का, ते बघायला दुसरे लोक आहेत. आपण बघायचं, की ज्यासाठी खर्च झाले ते झालं का. कागदावर नाही, माणसांत."

आणि तिच्या वाट्याला पहिलंच आलं होतं हे केंद्र. ज्यांनी पाय गमावला त्यांना इथे सरकार फुकट पाय करून देई. मागोमाग मोठ्या बाई आल्या, आणि केंद्राच्या साहेबांनी दोघींना मोठ्या अदबीने कार्यशाळेत नेलं आणि म्हणाले, "हे आमचे पाय बनवणारे."

तोच. पांढरी पूड म्हणजे प्लास्टर होतं.

"मुरगळला होता," ती हळूच म्हणाली. "कॉलेजच्या जिन्यात. दोन वर्षं झाली."

"अजून जपता त्याला," तो म्हणाला आणि हसला. तिने घाईघाईने वही उघडली.

*

"चहा घेणार?"

"नको. ज्यांचं ऑडिट करायचं त्यांचा चहा चालत नाही."

"पाणी?"

"पाणी चालतं."

"नशीब आमचं."

दुसऱ्या दिवसापासून ती घरून थर्मास आणू लागली. त्याने थर्मासकडे बघितलं, मग तिच्याकडे. "तुमचा चहा मला चालतो का? नियम बघून सांगा जरा."

तिने खरोखरच बघितला. ऑडिट करणाऱ्याने चहा पाजू नये, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. मग काय, थर्मासच्या झाकणात त्याचा चहा ओतला जाऊ लागला. "अगं, एवढा चहा कधीपासून प्यायला लागलीस तू?" आईने विचारलं. तिने बूट घालण्यात फार वेळ लावला.

आईशी बोलताना ती त्याला 'तो पायवाला' म्हणे. पायवाल्याचं काम मात्र बघत राहावं असं होतं. तुटलेल्या पायाचा उरलेला भाग ज्यात बसतो, त्या वाटीवर सगळा खेळ. तो प्लास्टरचा साचा घ्यायचा, कानशीने घासायचा, मग डोळे मिटून अंगठा फिरवायचा. कुठे काय टोचेल ते त्याच्या अंगठ्याला आधी कळायचं. तापवलेल्या प्लास्टिकचा वास खोलीभर पसरायचा आणि तो मान तिरकी करून काहीतरी पुटपुटत राहायचा.

एकदा एका बस कंडक्टरला पाय बसवला. दोन्ही बाजूंच्या दांड्या धरून तो माणूस चार पावलं गेला, मग एक हात सोडला, मग दुसरा. पायवाला त्याच्यापुढे उलटा चालत होता, हात पसरून, पण हात न लावता. कंडक्टर भिंतीपर्यंत पोचला आणि तिथेच भिंतीला कपाळ टेकून रडला. पायवाल्याने मान फिरवून डोळे पुसले, आणि ते तिने पाहिलं. त्या दिवशी तिच्या वहीत एकही ओळ उमटली नाही.

"इथून आम्ही कुणाला बसलेलं पाठवत नाही," तो नंतर म्हणाला. आवाजात अभिमान होता आणि तो त्याला शोभत होता. "चालत पाठवतो."

"आणि घरी गेल्यावर?"

"घरी गेल्यावर काय... चालतात."

"बघितलंय?"

"फार प्रश्न विचारता तुम्ही."

"पगारच त्याचा मिळतो."

तो हसला. तीही हसली. पण प्रश्न तिच्या डोक्यातून गेला नाही.

*

ती घरं हिंडू लागली. पहिलं घर एका शिंपीणबाईंचं. बाई एका पायाने मशीन चालवत होत्या, खडखड, खडखड.

"तुमचा पाय कुठाय?"

"तो काय, कपाटावर. धूळ नको बसायला म्हणून पिशवी शिवलीय त्याला."

"घालत नाही?"

"घालत होते की. चार महिने काय झोकात चालले. मग सैल झाला. मी पुढे आणि पाय मागे, अशी गत."

"मग केंद्रात का नाही गेलात? सैल वाटला तर या, असं सांगतात ना ते?"

शिंपीणबाईंनी मशीन थांबवलं. "अगं पोरी, जायचं कशाने? त्याच पायाने ना?"

तिने तो प्रश्न तसाच वहीत लिहून घेतला. पुढच्या घरांतही तेच. कुणाचा पाय दाराआड, कुणाचा पलंगाखाली. एका आजोबांनी तर त्याला मुलाचा जुना मोजा घालून ठेवला होता. सगळे पायवाल्याचं नाव प्रेमाने घेत होते, आणि निम्म्याहून जास्त जण चालत नव्हते.

तिला वाईट वाटलं, स्वतःसाठी नाही, त्याच्यासाठी. पण असं काही आढळलं की केंद्राच्या माणसाला बरोबर नेऊन दाखवायचं, असा कामाचा रिवाज. केंद्राच्या साहेबांनी अर्थातच त्यालाच पाठवलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून बसस्टॉपवर हजर.

"संयुक्त पाहणी म्हणजे नेमकं काय असतं हो?"

"तुम्ही आणि मी मिळून बघायचं. जे दिसेल ते दोघांना पटलं, की दोघांनी सही करायची."

"दोघांची सही? बरंच गंभीर प्रकरण दिसतंय."

एरवी ती लाजली असती. त्या दिवशी तिने नुसतं आपलं तिकीट आपण काढलं आणि खिडकीबाहेर बघत बसली.

शिंपीणबाईंनी कौतुकाने पिशवीतून पाय काढला. तो जमिनीवर मांडी घालून बसला, बाईंना पाय चढवला आणि वाटीच्या कडेने बोट घातलं. बोट सरळ आत गेलं. मग दुसरं. त्याचा चेहरा उतरला.

"आतला पाय आटतो," तो कुणालाच उद्देशून नसल्यासारखा म्हणाला. "काही महिने आटतच राहतो. मला हे माहीत होतं. शिकलोय मी हे. कुणी परत आलं नाही, तर मी समजलो... सगळं छान चाललंय."

तिला वाटलं, आता हा सबबी सांगेल. माणसं नाहीत, वेळ नाही, वरून हुकूम नाही. ते खरंही होतं. वरून विचारणा व्हायची ती एकच, किती पाय दिले. पण त्याने बाईंकडे जाड कापड मागितलं, उरलेल्या पायाचं माप घेतलं आणि मोज्यासारखी एक खोळ शिवायला सांगितली. बाईंनी दोन पदरी शिवली. त्याने चढवून पाहिली, मान हलवली, आणखी एक पदर द्यायला लावला. मग पुन्हा पाय बसवला.

"उठा."

"पडले तर?"

"मी आहे ना."

बाई दारापर्यंत गेल्या, उंबरा ओलांडला, गल्लीत समोरच्या घरापर्यंत जाऊन शेजारणीची कडी वाजवून आल्या.

"हे थोड्या दिवसांपुरतं झालं," तो म्हणाला. "नवी वाटी मी करून आणतो. तुम्ही यायचं नाही. मी येईन."

परतताना दोघं बसस्टॉपच्या बाकावर बसली. मग तो म्हणाला, "जसंच्या तसं लिहा. माझ्याकडे बघून काही गाळू नका."

आपली चूक इतक्या सरळ उचलून घेणारा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता. प्रेमात ती कदाचित आधीच पडलेली असेल, कळलं मात्र त्या बाकावर. शेजारी बसलेल्या माणसाचा हात धरावा असं तिला वाटलं, इतकं वाटलं, की तिने दोन्ही हातांनी बॅग घट्ट धरून ठेवली.

*

आणि मग ती अहवाल लिहायला बसली. पहिला अहवाल. खाली तिची सही येणार होती. बाबांनी तर प्रत आणायला आधीच सांगून ठेवलं होतं.

तिने लिहिलं : 'ज्यांना पाय दिले त्यांतले निम्म्याहून जास्त लोक ते वापरत नाहीत.' वाचलं. डोळ्यांपुढे त्याचा उतरलेला चेहरा आला. केंद्राचे साहेब सगळं खापर त्याच्याच माथी फोडतील, हेही दिसलं. तिने ओळ खोडली आणि लिहिलं : 'काही लोक पायांचा पुरेसा वापर करत नसल्याचे आढळले.'

कुणी हरकत घेतली नसती. वाक्य खोटंही नव्हतं, नुसतं मऊ होतं. तिने ते पुन्हा वाचलं. शिंपीणबाई, दाराआडचे ते पाय... सगळे त्या एका 'काही'त गडप झाले होते. आणि ते तिने केलं होतं.

तिने जुनं वाक्य परत लिहिलं आणि सरळ मोठ्या बाईंच्या खोलीत गेली.

"मॅडम, मला या कामातून काढा."

"का गं?"

"केंद्रातला एक माणूस... मला आवडतो."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "त्याला माहीत आहे?"

"नाही."

"म्हणजे त्याच्याआधी मला सांगतेस?"

"नियम तसाच आहे ना, मॅडम."

मोठ्या बाईंच्या ओठांचे कोपरे हलले, पण त्या हसल्या नाहीत. "ते कुठे लिहिण्यात उतरलंय?"

"एक वाक्य मऊ केलं होतं. परत कडक केलंय."

"काढते तुला. अहवालावर तुझी सही येणार नाही. आणि तो सादर होईपर्यंत त्याची भेट नाही, फोन नाही, कारण सांगायचं नाही. जमेल?"

"हो," ती म्हणाली, आणि तिने नाक ओढलं.

"नोकरीची इतकी वर्षं झाली माझी," मोठ्या बाई कागद ओढत म्हणाल्या, "हे सांगायला स्वतःहून आलेली तू पहिली. जा आता, नाक पूस."

पुढचे दिवस फार सावकाश गेले. केंद्रात दुसरा ऑडिटर जाऊ लागला. तिला दुसऱ्याच खात्याचं, पाणीपुरवठ्याचं काम मिळालं. एक दिवस तिने थर्मास घरीच ठेवला. आईने तो बघितला आणि जवळ येऊन बसली.

त्याला काय वाटत असेल, याचा विचार तिला छळे. त्याची चूक बघितली आणि पाठ फिरवून गेली, असंच वाटणार. दुसरं काय वाटेल?

*

अहवाल सादर झाला, छापून आला, त्यावर बैठका झाल्या. तेव्हा एका सुट्टीच्या सकाळी ती केंद्रात गेली. तो दारातच होता, एका गाडीत साचे आणि कानशी भरत. तिला पाहून त्याच्या हातातला साचा हातातच राहिला.

"घरोघरी जायचंय," तो म्हणाला. "मंजुरी आली. अहवालामुळे."

"वाचलात?"

"वाचला. लागला. पण खरा आहे." तो थांबला. "त्यावर सही मात्र दुसऱ्याच कुणाची."

"हो."

"मध्येच गेलात तुम्ही. मला वाटलं... माझं काम बघून तुमच्या मनातून उतरलो मी."

ती मान हलवत राहिली. येताना वाटेत घोकलेलं सगळं कुठल्या कुठे पळालं होतं. "उतरला नाहीत. म्हणूनच स्वतःला काढून घ्यावं लागलं मला. आमच्यात... ज्याचं ऑडिट करायचं, त्याच्याबद्दल मनात काही असलं, तर तसं सांगून बाजूला व्हावं लागतं."

"मनात काही म्हणजे?"

"फार प्रश्न विचारता तुम्ही."

तो हसला नाही. त्याने साचा अगदी हळू खाली ठेवला आणि हात पुसले, बराच वेळ पुसले.

"तुमची पहिली सही होती ती," तो म्हणाला. "माझ्यापायी गेली."

"गेली. मला रुखरुख आहे तिची. पण ते वाक्य मी तुमच्याकडे बघून लिहू शकत नव्हते... आणि तुमच्याकडे न बघता राहू शकत नव्हते."

मग त्याने विचारलं, "म्हणजे या केंद्राचं ऑडिट आता तुम्हाला कधीच करता येणार नाही?"

"तसं नाही. नियम आहे त्याला. संबंध संपला, की मध्ये तीन वर्षं जाऊ द्यायची. मग करता येतं."

तो एक पाऊल पुढे आला. पुसूनही प्लास्टर न गेलेला हात त्याने तिच्यापुढे धरला आणि तिने तो धरला, तसाच, पांढरी पूड लागली तरी.

"मग मोठ्या बाईंना आजच सांगून टाका," तो म्हणाला. "या केंद्रासाठी कायमचा दुसरा माणूस बघा म्हणावं."