जात्यापुढची दुसरी जागा

माझ्या भाचीची, दिपालीची, हळद होती. वहिनी जवळ येऊन हळूच म्हणाली, "वन्सं, भिमाकाकूच्या घरातलं जातं तेवढं पुसून ठिवता का? पोरं मग उचलून आनतील. हळद दळायला पाच सवाष्णी ठरल्यात."

मी मान डोलावली. माझे यजमान जिवंत आहेत, नगरला दुसरीबरोबर राहतात. म्हणून त्या पाचांत माझी गणती होत नाही. हल्ली कुंकू लावतानाही मी आरशात बघत नाही.

भिमाकाकू आमची शेजारीण. तिलाही नवऱ्यानं टाकलं होतं. ती वारल्यापासून घराची किल्ली आमच्याकडेच असते. दळताना ती रोज एकच ओवी गायची. आम्ही म्हणायचो, बिचारी अजून त्याच्यासाठी रडते.

दुपार कलली होती. दार लोटलं, तर बंद घराच्या कुबट वासाऐवजी ताज्या बाजरीच्या पिठाचा वास आला. कोपऱ्यातल्या जात्यावर धूळ नव्हती. मी फडकं टेकवलं. दगड कोमट होता.

आणि अगदी समोरून, दबक्या आवाजात...

"गेला बाई गेला, उंबरा न्हाई नेला..."

आवाज थांबला. एकीनं ओळ म्हणायची, समोरचीनं पुरी करायची, ही जात्यावरची रीत. समोर कुणी दिसत नव्हतं. पण कुणीतरी वाट बघत होतं. पळावंसं वाटलं, पण बाहेर तरी कुणाकडे पळणार? तिथं सगळ्या माझ्या मंगळसूत्राकडे बघणाऱ्या.

"म्हन की..."

ऐकून ऐकून ओळ पाठ होती.

"दळते मी माझं, दिस माझा उजाडला..."

स्वतःच्या तोंडून ती पहिल्यांदाच नीट ऐकली. यात रडणं कुठं होतं? गेला तो गेला. उंबरा, जातं, दिवस तिचाच राहिला. आणि आम्ही तिची कीव करत आलो.

पोरांनी जातं मांडवात आणलं. वहिनी पाचजणींना हाका मारत होती. मी न विचारता जात्याशी जाऊन बसले.

"वन्सं, आवो..." वहिनी म्हणाली.

"आत्याच बसंल," दिपाली म्हणाली. "कर गं सुरू, आत्या."

लाजेनं कान तापले होते. मान वर न करता मी मूठभर हळद घातली, खुंटा धरला. समोरची जागा घ्यायला कुणी पुढं आलं नाही.

तरी जातं फिरू लागलं... हलकं, जोडीनं ओढावं तसं. कडेनं पिवळी हळद पडत होती, आणि मांडवभर बाजरीच्या पिठाचा वास सुटला होता.