वल्हं आखूड का झालं?

फळीवर उभं राहून वल्हवायचं तर वल्हं आपल्या डोक्यापेक्षा वीतभर उंच हवं. शनिवारी सकाळी खाडीत उतरताना माझं तसंच होतं. खारफुटीला वळसा घालून पाऊण तासाने परत आले, वल्हं शेजारी उभं धरलं, तर ते माझ्या भुवईपर्यंतच पोचत होतं. आता तुम्हीच सांगा, पाऊण तासात मी इतकी उंच झाले होते का?

सागरमित्राला हा प्रश्नच पडला नाही. सागरमित्र म्हणजे आमच्या शाळेचा यंत्रमानव. खाडीत इंजिनाच्या होड्यांना बंदी झाल्यापासून खारफुटीतल्या खांबांवरची यंत्रं तपासायला आमच्या शाळेचं पथक पॅडलबोर्डवरून (उभं राहून वल्हवायच्या रुंद फळीवरून) जातं. पथकात कोण राहणार ते तो ठरवतो. माझ्या फळीखालच्या संवेदकांनी (दाब आणि हालचाल टिपणाऱ्या छोट्या यंत्रांनी) त्याला जे कळवलं, त्यावरून त्याने निकाल देऊन टाकला. "शाल्मली तांडेल. सुरुवात उत्तम. नंतर कमरेत वाकते. बाहूंत ताकद कमी. सोमवारपासून पथकात नाही."

वल्हं घसरतंय म्हणून मी वाकत होते, असं मी त्याला सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "निघताना मी वल्हं तपासलं होतं, लांबी बरोबर होती, ती पक्की करणारा चाप बंद होता. शिवाय या वल्ह्याची लांबी कमीजास्त करता येते, तेव्हा ती तूच कमी केली असण्याची शक्यता नाकारता येत नाही." म्हणजे मी दुबळी, आणि वर खोटारडीसुद्धा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तशीच पाय आपटत आजोबांकडे गेले. माझ्या आजोबांनी तीस वर्षं आगगाड्यांच्या ब्रेकवर संशोधन केलंय. ते घरापुढच्या खळ्यात सुपाऱ्या सोलत बसले होते. सगळं ऐकून ते यंत्रमानवाला चार शब्द सुनावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी तसं काही केलं नाही. वल्हं हातात घेतलं, चाप उघडला, आतली नळी बाहेर ओढली आणि चक्क हुंगली.

"हेका तेल कोणी लावल्यान?"

मीच लावलं होतं. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने सगळं गंजतं, म्हणून दाराच्या कडीपासून सायकलच्या चेनपर्यंत सगळ्याला खोबरेल लागतं. वल्ह्याचा चाप अडकू नये म्हणून मी रोज संध्याकाळी आतली नळीही चोपडत होते, आणि तेही अगदी मायेने.

"चेडवा, ही नळी थंयच्या थंय कशान रवता?"

चापाने राहते जागच्या जागी, मी म्हटलं. आजोबांनी मान हलवली आणि नीट समजावलं. चाप फक्त बाहेरची नळी आतल्या नळीवर आवळतो. नळीला खरं धरून ठेवतं ते घर्षण (दोन पृष्ठभाग एकमेकांवरून सरकू लागले की होणारा विरोध). गुळगुळीत दिसणारी नळीसुद्धा सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत दिसते. चाप आवळला की दोन्ही नळ्यांचे बारीक उंचवटे एकमेकांवर दाबले जातात आणि अडून बसतात. मध्ये तेल गेलं की खाचा भरतात, पातळ थर तयार होतो आणि अडायला काही उरत नाही. उभ्याने वल्हवताना आपला वरचा हात मुठीवर जोर देतो. त्या जोराने नळी दर फटक्याला केसभर आत जाते. हजारभर फटक्यांनंतर ती कुठे पोचते ते मी भुवईवर पाहिलंच होतं.

म्हणजे चूक माझीच होती. मला रडूच आलं, पण राग काही गेला नाही. माझी चूक तेल लावण्याची होती. ती दुबळेपणाची नव्हती आणि खोटेपणाची तर मुळीच नव्हती.

आजोबा साबणाचं पाणी आणायला उठले. मी त्यांना थांबवलं. आत्ता धुतलं तर सागरमित्र पुन्हा म्हणणार, वल्ह्यात दोष नाही. "आधी ते त्याच्या हातात घसरू दे," मी म्हटलं.

आम्ही धक्क्यावर सागरमित्राकडे गेलो. आतली नळी जिथे बाहेरच्या नळीत शिरते तिथे मी लाल पेनाने रेघ मारली. वल्ह्याचं पातं फळीवर टेकवलं आणि सागरमित्राला सांगितलं, की तुझ्या नोंदीत माझा जेवढा जोर आहे तेवढाच दे, शंभर वेळा. त्याने दिला. लाल रेघ नळीत दिसेनाशी झाली.

"आता तुझ्या बाहूंबद्दल काय लिहू?" मी विचारलं.

मग आम्ही नळी साबणाच्या गोड्या पाण्याने धुतली, अडकलेली वाळू काढली, कोरडी केली आणि चापाचा स्क्रू अर्धा फेरा आवळला. जास्त आवळला तर नळीला तडा जातो. पुन्हा रेघ मारली, पुन्हा शंभर वेळा दाब दिला. रेघ जागची हलली नाही.

सागरमित्राने माझा निकाल बदलला. यापुढे वल्हं दाब देऊन तपासायचं आणि मुलांनी तक्रार केली तर आधी ती तपासायची, असंही त्याने आपल्या यादीत लिहून घेतलं. मी खूश व्हायला हवं होतं. पण मला लोरेटा आठवली. महिन्यापूर्वी तिला याच शब्दांत पथकातून काढलं होतं. वल्हं घसरतं, असं तीही सांगत होती. तेव्हा मी, तिची मैत्रीण, तिला म्हणाले होते, "जमत नाही तर वल्ह्यावर कशाला ढकलतेस?"

लोरेटाचं काय, असं मी सागरमित्राला विचारलं. तिची फाइल बंद झाली आहे, असं तो म्हणाला. माझं डोकं पुन्हा तापलं.

"फाइल बंद झाली असेल. लोरेटा इथेच राहते. चल."

वाळूत त्याची चाकं रुतत होती. आजोबा मागून ढकलत होते. लोरेटाने दार उघडलं आणि तिघांकडे पाहत उभी राहिली.

"तुझं वल्हं मी दाब देऊन तपासलं नव्हतं," सागरमित्र म्हणाला.

"आणि मी तुझं ऐकलं नव्हतं," मी म्हटलं. हे म्हणणं त्या हजार फटक्यांपेक्षा जड गेलं.

"मी महिनोभर ह्याच सांगी होतंय," लोरेटा म्हणाली. ती आत गेली आणि दाराआडचं वल्हं घेऊन आली. मला उंबऱ्यातूनच खोबरेलाचा वास आला. सोमवारी सात नंबरच्या खांबावर जायचं होतं आणि तिथे दोघी लागतात. मी काही बोलायच्या आत सागरमित्राने नळीवर रेघ मारायला लाल पेन लोरेटापुढे धरलं.