नात्याचा रकाना

लिफ्टमध्ये आपल्याशिवाय आणखी कुणी आहे, याचं तिला भानच नव्हतं. हातातल्या केसपेपरवर डोळे रोखून ती पुटपुटली, "अचानक तीव्र पोटदुखी! पण कुठे? उजवीकडे, डावीकडे, वर, खाली? एवढं लिहायला काय हात दुखतात का या माणसाचे?"

"हात नाही दुखत," मागून आवाज आला, "पण पेशंट कळवळत असला की अक्षर जरा पळतं."

ती वळली. खिशाला तीन पेनं, दोन दिवसांची दाढी, आणि डोळ्यांत मिश्कील हसू... सर्जरीच्या वॉर्डातला हाच तो डॉक्टर! ती कानांपर्यंत लाल झाली, पण माघार घेतली नाही.

"अक्षर पळू दे हो. माहिती मागे राहते, त्याचं काय?"

ती हॉस्पिटलात मेडिकल कोडर होती. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं आणि प्रत्येक आजाराला त्याचा ठरलेला कोड द्यायचा, हे तिचं काम. पोटदुखी म्हणजे नुसती पोटदुखी नव्हे. कुठे दुखतं, कधीपासून, दाबल्यावर की हात काढल्यावर... सगळं लागायचं. अपेंडिक्सचं निदान पक्कं झालं, की पोटदुखीचा कोड काढून अपेंडिक्सचा लावायचा. जिथे अडेल तिथे ती डॉक्टरला क्वेरी, म्हणजे लेखी शंका, पाठवायची. वॉर्डानं तिचं नावच ठेवलं होतं — शंकाबाई.

त्या दिवसापासून तिच्या क्वेरींची उत्तरं द्यायला तो स्वतः वर येऊ लागला. फोनवर भागलं असतं, तरी यायचा.

"उजवीकडे, खाली," स्वतःच्याच पोटावर बोट टेकवून तो सांगायचा.

"तोंडी चालत नाही. लिहा आणि सही करा."

"सगळंच लिहून लागतं का तुम्हाला?"

"सगळंच."

"काही गोष्टी... न लिहिता कळत नाहीत?"

"कळतात. पण त्यांना कोड नसतो," असं म्हणून ती घाईनं स्क्रीनमध्ये डोकं खुपसायची.

असे दोन महिने गेले. आणि मग एका सोमवारी ती फाइल तिच्यापुढे आली.

वय सत्तावीस, व्हायोलिन शिकवते. अचानक तीव्र पोटदुखी. अपेंडिक्स, लगेच ऑपरेशन. अक्षर त्याचंच होतं, पण काय ते वर्णन! रविवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी सुरुवात. आधी बेंबीभोवती, मग उजवीकडे खाली. आणि पुढे — 'हसता हसता एकदम गप्प झाली.' ज्या माणसाला डावं-उजवं लिहायचा कंटाळा, त्यानं कुणाचं हसणंसुद्धा टिपून ठेवावं?

तिनं पान उलटलं. सोबत आलेली व्यक्ती : त्याचीच सही. रुग्णाशी नातं : रकाना कोरा.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रविवारी, पाच दहाला, कुठे बसली होती ही जोडी हसत?

"काय गं, कोड सापडेना?" शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी विचारलं.

"सापडला. सरळ तर आहे."

"मग तोंड का वाकडं?"

फाइलमध्ये काहीही अडलं नव्हतं. तरी तिची बोटं चाललीच : 'सोबत आलेल्या व्यक्तीचं रुग्णाशी नातं स्पष्ट करावं.' पाठवलं... आणि त्याच क्षणी तिनं जीभ चावली. सहा वर्षांत तिनं एकही विनाकारण क्वेरी पाठवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी विभागाच्या साहेबांनी बोलावलंच. "नात्यावरून कोड बदलतो का?"

"नाही सर."

"मग ही क्वेरी कशाला?"

काहीतरी थाप मारता आली असती. पण कामाशी खोटं बोलणं तिला जमेना. "चूक झाली सर. कामापुरतं वाचायचं सोडून मी भलतंच वाचत बसले."

साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे नीट पाहिलं. "पुन्हा नको. आणि उत्तर आलंय, तेवढं बघून घ्या."

उत्तर एका ओळीचं होतं : 'लिहून देण्यासारखं नाही. भेटून सांगतो.'

म्हणजे संपलंच की!

त्यात दुपारी वॉर्डाच्या कॉरिडॉरमध्ये ती दोघं दिसली. तो तिचा कोपर धरून तिला हळूहळू चालवत होता. हॉस्पिटलच्या गाऊनमध्ये कधी कुणी सुंदर दिसतं का? ही दिसत होती! शंकाबाई आल्या पावली परत फिरली.

पाच वाजता ती कॉम्प्युटर बंद करत असताना तो टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"मावशीनं ठरवलेली भेट होती. लग्नासाठी."

"अरे वा. अभिनंदन."

"ऐका तरी! मी तिला आपला लिफ्टमधला किस्सा सांगत होतो. ती खूप हसली आणि एकदम गप्प झाली. मला वाटलं, कंटाळली. बघतो तर पोट धरून बसलेली."

"पेशंटची माहिती मला नका सांगू."

"तिनंच पाठवलंय मला सांगायला. म्हणाली, दहा मिनिटांत चार वेळा त्या शंकाबाईचा विषय काढलात. मला बघायला आला होतात, की तिच्याबद्दल बोलायला?"

तिच्या ओठांवर हसू येऊ पाहत होतं. तिनं ते दाबलं. "तरी गेलातच ना भेटायला."

"गेलो," तो खाली बघत म्हणाला. "मावशी नकाराचं कारण विचारते. कारण माझ्यापाशी होतं... पण तुमच्या मनात काय आहे, ते कळायला मार्ग नव्हता. तुम्ही कागद पुढे करता, वर बघतच नाही." मग त्यानं विचारलं, "नातं कोडला लागत नाही ना?"

"नाही."

"मग कुणाला लागतं?"

तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"मला," ती म्हणाली. आणि मग बांध फुटल्यासारखं — "मला लागतं! तुम्ही दुसऱ्या कुणाला हसवलंत, हे मला सहन झालं नाही. आणि कॉरिडॉरमध्ये तिचा हात धरलात तेव्हा तर..."

"अहो, ऑपरेशननंतर चालवावं लागतं!"

"ठाऊक आहे! नर्सला काय झालं होतं?"

तो खळखळून हसला. मग खिशातून फोन काढून त्यानं तिच्यासमोरच नंबर लावला. "मावशी, मुलीचं विचारत होतीस ना? पसंत आहे... नाही, ती नव्हे. दुसरी... अगं, थांब जरा, तिलाच अजून—"

तिनं फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

"मावशी, हा आज माझ्यासोबत येतोय. जेवायला याची वाट बघू नका."

पलीकडून, शेजारच्या टेबलापर्यंत ऐकू येईल असा खणखणीत आवाज आला, "वाट का नको बघू? दोघंही इथेच या जेवायला!"

मागून ताई म्हणाल्या, "जा गं, टेबल मी आवरते."

ती तशीच निघाली, आणि तिची विसरलेली पर्स छातीशी धरून डॉक्टर जिन्यावरून तिच्या मागे धावत सुटला.