केबिनबाहेरचं बाकडं

कोणाला पटवायला मी हे लिहीत नाहीये. पटलं तर पटलं, नाही तर सोडून द्या. माझ्या सख्ख्या आईसोबत, माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. तेसुद्धा रात्री नाही... सोमवारी, भर दुपारी.

मी सुतार. आमच्या भागातलं एक ऑफिस बंद पडलं होतं. तिथे मोठ्या माणसांसाठी शिकण्याचं केंद्र करायचं ठरलं. लिहिणं-वाचणं, कॉम्प्युटर, शिवण. पार्टिशन पाडून हॉल मोकळा करायचं काम माझ्याकडे आलं.

शेवटची केबिन साहेबांची. तिच्याबाहेर एक लांब बाकडं होतं, भेटायला येणाऱ्यांसाठी. लाकूड एक नंबर. म्हटलं, राहू दे, वाचत बसायला होईल.

तिथेच माझी अक्कल शेण खायला गेली.

काम चालू असताना आमचा रंगारी त्या बाकड्यावर डबा घेऊन बसला. तासभर डबा उघडलाच नाही. हाका मारल्या, ओ नाही. मी केबिनचं दार काढायला म्हणून उघडलं... तसा हा उठला आणि सरळ आत जाऊन उभा राहिला. आत का आलो, हे त्यालाही सांगता येईना. आठवडाभर आम्ही त्याची खेचली.

मग केबिन पाडली. दार स्टोअरमध्ये टाकलं.

आईने जन्मभर अंगठा लावला. सही शिकायची तिची फार हौस. वर्ग पहिल्या दिवशी बाराचा, पण ही अकरालाच जाऊन बसली. त्याच बाकड्यावर.

एक वाजता शिकवणाऱ्या बाईंचा फोन आला. आई जागची उठत नाहीये.

धावत गेलो. आई पर्स मांडीवर घेऊन ताठ बसलेली. नजर समोर...

समोर काहीच नव्हतं.

"आई, चल."

"थांब. अजून बोलावलं नाही."

कोणी बोलावलं नाही, ते काही सांगेना.

तिला साखरेचा त्रास. सकाळी इंजेक्शन घेतलेलं, आणि पोटात अन्नाचा कण नाही. पाण्याचा घोटही घेईना. मी आणि बाई मिळून उचलायला गेलो, तर किंचाळली, "माझा नंबर जाईल!" डॉक्टर आले, त्यांना सुईही टोचू देईना. म्हणाले, लवकर काही खाल्लं नाही तर शुद्ध जाईल, मग काही खरं नाही. अॅम्ब्युलन्सला तास लागणार होता.

मी हात जोडले. ओरडलो. शेवटी तिच्या पायाशी बसून रडलो, चाळिशीचा घोडा. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

ऑफिसचे जुने शिपाईकाका आता केंद्राचे रखवालदार होते. कोपऱ्यात उभे, चेहरा पांढराफटक.

"याच बाकड्यावर लोकांना मी सांगायचो, बसा, बोलावतो," ते म्हणाले. "सगळ्यांना कुठे बोलावलं गेलं..."

आणि मला रंगारी आठवला.

स्टोअरमधून दार चौकटीसकट ओढत आणलं. केबिनच्या जुन्या खुणेवर उभं केलं, टेकू दिले. मोकळ्या हॉलमध्ये नुसतं एक दार.

काहीच झालं नाही.

आईची मान कलायला लागली. मी दारावर डोकं टेकलं. म्हटलं, साहेब, जे कोणी असाल ते, हिला आत घ्या. एवढी एकच आई आहे हो मला.

टर्रर्र...

केबिनची बेल.

तिची वायर मी स्वतः उपटून फेकली होती.

शिपाईकाका सवयीने ताठ झाले. त्यांनी दार उघडून धरलं. "बाई, चला. बोलावलंय."

आई उठली. केस सारखे केले. आत गेली. दार लागलं.

मी धावत दारामागे गेलो.

तिथे आई नव्हती...

लहान पोरासारखा त्या दाराभोवती फिरत राहिलो. किती वेळ, देव जाणे.

मग दार उघडलं. आई ज्या बाजूने गेली होती, त्याच बाजूने बाहेर आली.

"पाणी दे रे," म्हणाली.

पाणी प्यायली, बिस्किटं खाल्ली. मी तिला घट्ट धरून ठेवलं होतं.

घरी आल्यावर विचारलं, आत काय झालं?

"काही नाही. म्हणाले, हे दार परत कोणी लावलं? मी म्हटलं, माझ्या मुलाने. म्हणाले, त्याला बाहेर बसायला सांगा."

चार महिने झाले. त्या रस्त्याला मी फिरकलेलो नाही. आई ठणठणीत आहे, सही छान करते.

फक्त रोज संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं की विचारते, अगदी साध्या आवाजात...

"जाऊन बसलास का रे? ते थांबलेत."